घरच्या ब्लॉगची डागडुजी: फोटो गायब, लेख सापडत नाहीत, पुढे कोण बघणार?

माजघर

नमस्कार मंडळी,

कुटुंबाचा एक ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर २००९ पासून चालू आहे. साधारण २४० लेख झालेत. सणवार, लग्नकार्यं, आजीच्या पाककृती, पणजोबांची पत्रं, गावच्या घराचे फोटो असं सगळं त्यात आहे. लिहिणारे चौघे, प्रत्येकाचं गूगल खातं वेगळं. वाचणारे साठ-सत्तर, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे आणि फोनवरच वाचणारे.

आता २०१३ च्या आधीच्या बऱ्याच लेखांत फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसते. शोधपट्टीत ‘पुऱ्या’ टाकलं तर काही लेख येतात, काही येत नाहीत. फोनवर अक्षर बारीक आणि शीर्षकातल्या वेलांट्यांचे शेंडे कापलेले. नवा लेख आला की पूर्वी सगळ्यांना इमेल जायची, तीही बंद आहे. शिवाय मुलांचे फोटो जगजाहीर ठेवावेत का, यावर घरात दोन तट पडलेत.

वर्डप्रेसवर (ब्लॉग चालवायची दुसरी व्यवस्था) जायचं का? की आहे तेच नीट करायचं? जाणकारांनी क्रम सांगावा.

---

बोरू

वर्डप्रेस वगैरे नंतर. आधी प्रत काढा. दुरुस्ती करतानाच सगळ्यात जास्त नुकसान होतं, त्यामुळे प्रत हातात येईपर्यंत एकाही लेखाला हात लावू नका.

ब्लॉगरच्या (म्हणजे ब्लॉगस्पॉट चालवणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) सेटिंग्जमधून बॅकअपची जी फाइल मिळते, तिच्यात लेख, पानं आणि प्रतिक्रिया असतात. फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. त्या फाइलवर विसंबून लोक निर्धास्त राहतात आणि मग फसतात. फोटोंसाठी गूगल टेकआऊटमध्ये (गूगलकडचा आपला साठा उतरवून घ्यायची सोय) जा, ‘डीसिलेक्ट ऑल’ करून फक्त ब्लॉगर निवडा. पण फोटो ज्याने चढवला त्याच्या खात्यात राहतो. म्हणजे चौघांनी आपापल्या खात्यातून हे वेगवेगळं करायचं. उतरवलेली झिप उघडून फोटो खरोखर आलेत का ते बघा, किमान पाच-सहा जुन्या लेखांचे ताडून पाहा. टेकआऊटला दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप प्रत काढायलाही सांगता येतं.

थीमची प्रत वेगळी असते. ‘थीम’मध्ये ‘कस्टमाइझ’च्या शेजारच्या बाणाखाली ‘बॅकअप’ आहे, ते विसरू नका.

प्रती तीन ठेवा: एक ऑनलाइन, एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह कपाटात टाकून दहा वर्षांनी उघडेल या भरवशावर राहू नका.

आता ‘पुढे कोण बघणार’ हा प्रश्न. दोन वर्षं कोणतीच हालचाल नसलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते धोरण लागू आहे. चौघांपैकी एखाद्या काकांनी ते खातं फक्त ब्लॉगसाठीच उघडलं असेल आणि २०१५ नंतर लिहिलंच नसेल, तर त्यांच्या लेखांतले फोटो टांगणीला आहेत असं समजा. प्रत्येक खात्यात वर्षातून दोनदा लॉगिन करा. ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून जास्तीत जास्त दहा विश्वासू माणसांची नावं देता येतात, तेही करून टाका. आणि ब्लॉगला किमान दोन अ‍ॅडमिन हवेत, दुसरा पुढच्या पिढीतला. एकट्याच्या पासवर्डवर अख्ख्या घराचा दप्तरखाना ठेवू नये.

---

कोनाडा

बोरूंशी सहमत. रिकाम्या चौकटींबद्दल थोडं.

ब्लॉगच्या एडिटरमध्ये लेख उघडा, पेन्सिलच्या चिन्हावरून ‘एचटीएमएल’ दृश्यात जा आणि फोटोचा पत्ता वाचा. तो कुठला आहे त्यावरून रोग कळतो.

ऑर्कुटचा (गूगलची जुनी सोशल साइट) पत्ता असेल तर फोटो तिथून गेला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि त्या काळात ‘फोटो आहेच तिकडे, लिंक टाकू’ असं सर्रास केलं जायचं. फोटोबकेटचा (फोटो ठेवायची साइट) असेल तर २०१७ मध्ये त्यांनी फुकट खात्यांचे फोटो इतर साइटवर दाखवणं थांबवलं. गूगल फोटोजमधून उजवी टिचकी मारून पत्ता चिकटवला असेल तर तो आज दिसेल, काही दिवसांनी जाईल, कारण तो पत्ता तात्पुरता असतो. हा प्रकार आजही चालू असतो, म्हणून चौघांनाही सांगा: फोटो नेहमी एडिटरच्या ‘अपलोड फ्रॉम कॉम्प्युटर’नेच. आणि चौकटीत फोटो नसून स्लाइडशो किंवा गाण्याचा प्लेअर असेल तर तो फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चित्रफिती चालवणाऱ्या जुन्या तंत्राचा. फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपलं, तो कोड सरळ काढून टाका.

मूळ फोटो घरात सापडत नसेल तर त्या लेखाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपणारा संग्रह) टाकून बघा. कधी कधी छोटा का होईना, मिळतो.

पुन्हा चढवताना लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपीजी, दर्जा ८०-८५. फाइल साधारण ३०० ते ५०० केबीची होते, फोनवर पटकन उघडते. पण मूळ मोठी फाइल टाकून देऊ नका. १६०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर जेमतेम सव्वापाच इंच भरतो. उद्या पंचाहत्तरीला पुस्तक काढायचं ठरलं तर पानभर फोटो धूसर दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा पाठवला की दाबून छोटा होतो आणि काढल्याची तारीखही पुसली जाते.

कागदी फोटो स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराला ३०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला किंवा ग्रुपमधल्या बारीक चेहऱ्यांना ६००. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा धागा, मेण नसलेला, फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही स्कॅन करा. बऱ्याचदा तारीख तिथेच असते.

---

अर्धविराम

‘पुऱ्या’ न सापडण्याचं कारण मजेदार आहे. हा आडवा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक: नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दोन: साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. चौघे चार कीबोर्ड वापरत असणार, म्हणून कऱ्हाड, तऱ्हा, पायऱ्या, सुपाऱ्या सगळ्यांची हीच गत. त्यात दुसऱ्या तऱ्हेतलं अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळतं आणि ‘पुऱ्या’च्या ‘पुर्या’ होतात. सगळ्यांनी नुक्त्याचा ऱ ठरवून घ्या. जुने लेख एकदम बदलायची सोय ब्लॉगरमध्ये नाही, त्यामुळे शोधपट्टीचा नाद सोडा आणि अनुक्रमणिकेचं एक ‘पेज’ बनवा. तसंही ती पट्टी ‘पुरणपोळी’ शोधताना ‘पुरणपोळ्या’ आणि ‘पुरणपोळीचा’ आणेल याची खात्री नाही.

लेबलं तपासा. ‘गणपती’, ‘गणपति’, ‘गणेशोत्सव’ अशी तीन लेबलं असतील तर एकच ठेवा. एका लेखाची सगळी लेबलं मिळून २०० अक्षरांची मर्यादा आहे, देवनागरीत मात्राही मोजल्या जातात, तेव्हा तीन-चारच्या वर जाऊ नका. व्यक्ती, गाव, प्रसंग एवढी पुरतात. साल तर ब्लॉगच्या संग्रहात दिसतंच, फक्त जुन्या आठवणीचा लेख आज लिहिला असेल तर घटनेचं दशक लेबलात घाला.

शीर्षक देवनागरीत दिलं की ब्लॉगर पत्त्यातून ती अक्षरं गाळतो आणि ‘ब्लॉग-पोस्ट’पुढे नुसता आकडा लावतो. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडे ‘पर्मालिंक’मध्ये ‘कस्टम’ निवडून रोमन लिपीत छोटा पत्ता द्या. प्रसिद्ध झालेल्यांचे पत्ते मात्र बदलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या सगळ्या लिंका तुटतील. बदलायचाच झाला तर सेटिंग्जमध्ये ‘कस्टम रीडायरेक्ट्स’मध्ये जुन्याकडून नव्याकडे वाट काढून द्या.

बारीक अक्षराचं: जुनी दोन खांबी थीम असेल तर ‘कन्टेम्पो’ किंवा ‘सोहो’ घ्या, फोनवर नीट बसतात. थीम बदलताना बाजूची काही गॅजेट्स उडतात, आधी लेआउटचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मग ‘अ‍ॅड सीएसएस’मधून (सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारा कोड) मजकूर १९ पिक्सेल आणि ओळीची उंची १.७ करा. शीर्षकाची ओळउंची १.४ च्या खाली नको. या थीम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात, शिरोरेषेच्या वर मात्रा-रफार-वेलांटीला जागा लागते हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून शेंडे कापले जातात. फॉन्ट ‘मुक्ता’ चांगला. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’.

वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्हीनेच चिकटवा, नाहीतर वर्डचा फॉन्ट आणि आकार आत घुसतो आणि वरचं सगळं सीएसएस निकामी होतं. एखादा लेख फोनवर बारीकच राहिला तर हेच कारण.

अवांतर: कुणाकडे श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधल्या जुन्या डीटीपी फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये आणायला परिवर्तक वापरा, पण नंतर एकदा वाचाच. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकलेली असते, त्यामुळे ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा जोडाक्षरांत ती भलतीकडे जाऊन बसते. रफारही तपासा.

---

माजघर

सगळ्यांचे आभार. काल चौघांपैकी तिघांच्या प्रती उतरवल्या. पत्ते तपासले, बरेच ऑर्कुटचेच निघाले. फोटोखाली काय लिहावं याबद्दलही कुणी सांगेल का? सध्या ‘गणपतीत अण्णा, माई आणि बेबी’ एवढंच आहे.

---

ताकभात

अण्णा कुणाचे? प्रत्येक घरात तीन अण्णा असतात. लिहिणाऱ्याचा मामा वाचणाऱ्याचा बाबा असतो. ‘काका’, ‘आत्या’ ही नाती लिहिणाऱ्याच्या जागेवरून मोजलेली, पंचवीस वर्षांनी लिहिणारा कोण हेच कुणाला आठवणार नाही.

उपाय: घरातली एक व्यक्ती किंवा एक जोडपं मूळ धरा, बहुधा ज्या पणजोबांची पत्रं आहेत तेच. सगळी नाती तिथून सांगा. फोटोखाली डावीकडून उजवीकडे, उभे आणि बसलेले वेगळे. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग अवतरणात घरातलं नाव. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं दोन्ही. पूर्वी लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचं, त्यामुळे कुसुमची पत्रं एका लेबलाखाली आणि सुमनचे फोटो दुसऱ्या लेबलाखाली पडतात, आणि नातवंडांना ती एकच आजी आहे हे कळत नाही. म्हणजे असं: ‘बसलेल्या, डावीकडून दुसऱ्या: सुमन, घरी “माई”, माहेरचं नाव कुसुम, मूळ जोडप्याची थोरली सून. गावचं घर, पडवी. गणेश चतुर्थी, १९७४ च्या सुमारास.’ साल नक्की नसेल तर ‘सुमारास’ लिहा आणि अंदाज कशावरून तेही: ‘मागे नवी पत्र्याची शेड दिसते.’ पुढच्या माणसाला त्यावरून दुरुस्त करता येतं.

फोटो ओळखण्याचं काम घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे आधी न्या. बाकी सगळं पुढच्या वर्षी झालं तरी चालेल, हे नाही.

पत्रांचं: पानाचा फोटो आणि खाली टंकलेला मजकूर, दोन्ही द्या. शुद्धलेखन सुधारू नका. मोडी असेल तर लिप्यंतर कुणी केलं ते नोंदवा, न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंस. पत्रावर शालिवाहन शकातलं साल असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. पण पौषात जानेवारी लागला की ७९. शके १८७२ चा माघ म्हणजे १९५१, १९५० नव्हे. वद्य पक्षात आणखी एक चकवा आहे: आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. आपला आश्विन वद्य त्यांचा कार्तिक कृष्ण. नेटवरचं परिवर्तक उत्तरेकडचं असेल तर तारीख महिन्याने हुकते.

आणि पाककृतींत ‘एक वाटी’ म्हणजे आजीची कोणती वाटी? एकदा पाणी भरून मापून मिलिलिटर लिहून ठेवा.

---

दारचा_आंबा

मुलांच्या फोटोंचा वाद राहिला.

‘सर्च इंजिनला दिसू देऊ नका’ ही खूण म्हणजे कुलूप नाही, दारावरची पाटी काढण्यासारखं आहे. लिंक असलेला कुणीही आत येतो. खरं कुलूप ‘परमिशन्स’मध्ये ‘रीडर अ‍ॅक्सेस’ला आहे. तिथे निवडक वाचक ठेवले तर लेखक-अ‍ॅडमिन धरून एकूण १०० माणसं बसतात, तुम्हाला पुरेल. पण प्रत्येकाला गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि साठीपुढच्या मंडळींतले बरेच तिथेच थांबतात. शिवाय ब्लॉग खाजगी केला तरी फोटोचा थेट पत्ता हाती असलेल्याला फोटो उघडतोच.

म्हणून सगळं कुलूपबंद करण्यापेक्षा दोन ब्लॉग बरे. पाककृती, पत्रं, घराचा इतिहास उघड्यावर. हयात माणसं आणि मुलं खाजगीत. उघड्या ब्लॉगवर मुलांचं पूर्ण नाव, शाळेचा गणवेश, जन्मतारीख नको. आईचं माहेरचं आडनाव अजूनही बँकांच्या सुरक्षाप्रश्नात विचारलं जातं, त्यामुळे ताकभातांची माहेर-सासर पद्धत हयात बायकांसाठी खाजगी ब्लॉगवरच वापरा. फोनमधून फोटो चढवण्याआधी त्यातलं स्थळ काढून टाका. सहलीचे फोटो घरी परतल्यावर.

इमेल बंद पडली ती जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये. गूगलने फीडबर्नरची इमेल सेवाच थांबवली. जुनं गॅजेट अजून दिसत असेल तर काढा, लोक त्यात पत्ता भरून वाट बघतात. उघड्या ब्लॉगसाठी फॉलो-डॉट-इट ही इमेल पाठवणारी सेवा चालते. खाजगीला फीडच (नव्या लेखांची आपोआप बाहेर जाणारी यादी) नसते, तिथे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिंक टाकणं हाच मार्ग. लिंकेसोबत दोन ओळी लिहा, नाहीतर सुप्रभातच्या गर्दीत ती वाहून जाते.

वर्डप्रेसला एवढ्यात जाऊ नका. ते स्वतःच्या जागेवर चालवायचं तर होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेनचे (साइटचं नाव) पैसे दरवर्षी कुणीतरी भरावे लागतात, आणि भरणारा विसरला की ब्लॉग जातो. चौथ्या खात्याची प्रत आधी उतरवा.