मदत हवी आहे : डायलिसिसच्या रुग्णाला दिघोरीहून धंतोलीला वेळेत आणि धक्के न बसता कसे न्यावे?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात दिघोरी चौकाच्या आतल्या वस्तीत राहते आणि घरूनच मुद्रितशोधनाचे काम करते. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे गेल्या दीड वर्षापासून त्यांना सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस धंतोलीतील एका रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावे लागते. यजमान बुटीबोरीला नोकरीला असून सकाळी सातलाच घर सोडतात. त्यामुळे बाबांना नेण्या-आणण्याचे सगळे माझ्याकडे आहे, आणि ते मी आनंदाने करते. पण रस्त्यापुढे आता माझा इलाज चालेनासा झाला आहे, म्हणून हा धागा काढला.

आमचा नेहमीचा मार्ग उमरेड रोडने भांडे प्लॉट, सक्करदरा, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक आणि पुढे धंतोली असा आहे. पूर्वी ऑटोने अर्धा तास पुरत असे. इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यापासून मात्र कधी पाऊण तास लागतो, कधी सव्वा तास, आणि कोणत्या दिवशी किती लागेल हे घरून निघताना सांगता येत नाही. रोज एक तास लागणार असे पक्के असते तर मी तासभर आधी निघाले असते, प्रश्नच उरला नसता. सोमवारी ज्या बाजूने गेलो ती बाजू बुधवारी बंद असते, आणि ती बंद आहे हे कामाभोवती लावलेल्या पत्र्यांसमोर जाऊन थांबल्यावर कळते. मागे वळायला जागा नसते, कारण तोवर मागे सिटी बस आणि चार-दोन ऑटो येऊन उभे राहिलेले असतात.

इथे काही मिनिटांना एवढे महत्त्व का, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबांची वेळ ११ ते ३ अशी चार तासांची आहे आणि ३ नंतर त्याच यंत्रावर दुसरा रुग्ण येतो. आम्ही ११.४० ला पोहोचलो तर बाबांना तीन तास वीस मिनिटेच मिळतात. रुग्णालयाला यात दोष देता येत नाही. नंतरच्या रुग्णालाही त्याचे पूर्ण चार तास हवेच असतात. पण शरीरातले जे पाणी त्या दिवशी काढायचे राहते ते पुढच्या फेरीपर्यंत अंगातच राहते. त्यातही शुक्रवारचा उशीर सर्वांत वाईट, कारण शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत मधले दोन दिवस डायलिसिसविना जातात. ज्या शुक्रवारी वेळ कापली जाते, त्या रविवारी रात्री बाबांना आडवे झोपता येत नाही. उशांची चळत पाठीशी लावून ते बसून राहतात आणि मी त्यांचा श्वास ऐकत राहते.

परतीचा त्रास वेगळा आहे. डायलिसिस झाल्यावर रक्तदाब उतरलेला असतो, आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाचा असर अंगात असल्यामुळे हाताच्या फिस्टुलाला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीला) जिथे सुया टोचलेल्या असतात ती जागा कच्ची असते. मागच्या महिन्यात घरी परतताना आमचा ऑटो पत्र्यांच्या कडेने चालला होता. नाली टाकण्यासाठी रस्ता आडवा कापून वर नुसती गिट्टी पसरलेली होती, डांबराचा किंवा काँक्रीटचा थर नव्हता. पुढचे चाक त्यात गेले, बाबांचा हात दांड्यावर आपटला आणि पट्टीखालून रक्त यायला लागले. मी कापूस लावून अंगठ्याने दाबून धरले. ऑटोवाल्या भाऊंनी गाडी बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण बाजूच नव्हती. एका अंगाला पत्रे, दुसऱ्या अंगाला दुकानांसमोर लावलेल्या दुचाक्या. मागून हॉर्न वाजत होते. शेवटी एका चहाटपरीवाल्या काकांनी दोन दुचाक्या हलवल्या, प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि बाबांना सावलीत बसवले. दहा-बारा मिनिटांनी रक्त थांबले. त्या दिवसापासून बाबा हात शर्टाच्या आत, पोटाशी धरून बसतात.

मी कामाच्या विरोधात नाही, हे आवर्जून लिहिते. ३१ मे २०१५ रोजी नागपूर मेट्रोचे काम सुरू झाले तेव्हा मी वर्धा रोडवर नोकरीला होते आणि तिथली धूळ मीही खाल्ली आहे. आज त्याच रस्त्यावर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल उभा आहे, खालून गाड्या आणि वरून मेट्रो जाते, आणि त्या भागातल्या लोकांची सोय झाली हे डोळ्यांना दिसते. मात्र आमच्या दक्षिण-पूर्व भागाला ती सोय लाभलेली नाही. ऑरेंज लाइन वर्धा रोड आणि कामठी रोडने जाते, ॲक्वा लाइन हिंगणा रोडकडून सेंट्रल ॲव्हेन्यूकडे जाते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पाही कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसी या चार दिशांना वाढतो. उमरेड रोड त्यात नाही. म्हणजे आम्हाला रस्त्याशिवाय दुसरे साधन नाही आणि रस्ता खोदलेला आहे. पूल झाल्यावर इंदोऱ्याहून दिघोरीला थेट जाणाऱ्यांचा वेळ नक्कीच वाचेल. पण पुलाखाली राहणाऱ्यांना ही मधली वर्षेही जगायची आहेत, आणि बाबांच्या वयात या वर्षांची किंमत फार आहे.

आतापर्यंत जे करून पाहिले ते असे. साडेनऊलाच निघून पाहिले. पण लवकर पोहोचलो तर बाबांना तास-सव्वा तास बाकावर बसावे लागते, आणि पुढे चार तास पुन्हा खाटेवर, त्यामुळे त्यांची कंबर धरते. ॲपवरून कार बोलावली की आमचा पत्ता पाहून चालक फेरी रद्द करतात. नंदनवनच्या आतल्या गल्ल्यांतून गेलो, तर तिथे दर शंभर पावलांवर गतिरोधक आहेत. दुचाकीचा विचार करणेही शक्य नाही. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगासाठी असते आणि रोजच्या डायलिसिससाठी तिला अडकवणे योग्य नाही, असे मला वाटते. घराजवळच्या एका केंद्रात नाव नोंदवले आहे, पण यादी लांब आहे.

या भागातून रोज ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगावे, की सकाळी १० ते ११ च्या दरम्यान दिघोरीहून धंतोलीकडे जाण्याचा असा कोणता मार्ग आहे जो थोडा लांब असला तरी चालेल, पण ज्याला लागणारा वेळ रोज साधारण सारखाच असेल? कोणती बाजू कधी बंद होणार याची सूचना आदल्या दिवशी कुठे मिळते का? आणि खोदलेला रस्ता निदान सपाट करून द्या, हे सांगायला नेमके कुठे जावे? मी दोन ठिकाणी तोंडी विनंती केली; दोन्ही ठिकाणी दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले गेले.

प्रतिसाद १

ताई, मी मानेवाड्याला राहतो आणि रोज वर्धा रोडला नोकरीसाठी जातो. तुम्ही उमरेड रोडने शहरात शिरण्याचा विचारच काही काळ सोडून द्यावा, असे सुचवतो. दिघोरी चौकातून रिंग रोड धरा. म्हाळगी नगर, मानेवाडा, ओंकार नगर करत छत्रपती चौकात या. अंतर वाढेल, पण रस्ता काँक्रीटचा आणि रुंद आहे, आणि सिग्नल सोडले तर अडवणूक कमी. छत्रपती चौकात ऑरेंज लाइनचे स्थानक आहे. तिथून सीताबर्डीच्या दिशेने अजनी चौक, रहाटे कॉलनी आणि तिसरे काँग्रेस नगर. काँग्रेस नगरला उतरलात की धंतोली लागूनच आहे, ई-रिक्षाने काही मिनिटांत पोहोचाल. स्थानकांवर लिफ्ट आहेत, त्यामुळे जिना चढायचे कारण नाही. मेट्रोत धक्का बसत नाही, हा तुमच्यासाठी सर्वांत मोठा फायदा ठरावा. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी मात्र नरेंद्र नगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते, म्हणून निघण्यापूर्वी कुणाला तरी विचारून घ्या.

प्रतिसाद २

मी स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

चालू रस्त्यावर काम करताना वाहतूक कशी सांभाळावी यासाठी रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:५५ ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. वाहनचालकाला पत्र्यांपाशी पोहोचल्यावर नव्हे, तर बऱ्याच आधी सूचना मिळावी, त्याला हळूहळू बाजूला वळवावे, मग कामाची जागा यावी आणि त्यानंतर त्याला पुन्हा मूळ मार्गावर आणावे, असे टप्पे तिच्यात दिलेले आहेत. म्हणजे तुम्ही जे मागता आहात ती मेहेरबानी नाही. वळणरस्ता वाहतुकीयोग्य ठेवणे हा कामाचाच भाग असतो.

अर्ज लेखी द्या आणि त्यात जागा मोघम लिहू नका. पुलाच्या खांबांवर रंगाने क्रमांक टाकलेले असतात. 'अमुक चौकाजवळ' असे न लिहिता 'खांब क्रमांक अमुक आणि अमुक यांच्यामध्ये, डाव्या बाजूस आडवा खोदलेला पट्टा' असे लिहिले, तर कुणालाही जागा सापडली नाही असे म्हणता येत नाही. सोबत तारखेसह छायाचित्र जोडा. अर्जाची एक प्रत पूल बांधणाऱ्या यंत्रणेच्या प्रकल्प कार्यालयाला, एक वाहतूक पोलिसांच्या तुमच्या झोनला आणि एक महापालिकेच्या झोन कार्यालयाला द्या, आणि तिन्ही प्रती एकमेकांना अग्रेषित केल्याचे खाली लिहा, म्हणजे कुणी दुसऱ्याचे नाव सांगणार नाही. पोच घ्यायला विसरू नका. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे, तिथेही तक्रार नोंदवून क्रमांक मागून घ्या.

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर माहिती अधिकारात मंजूर वाहतूक व्यवस्थापन आराखड्याची प्रत मागा. शुल्क १० रुपये असते आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. एखाद्याच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ७(१) मध्ये आहे. तुमच्या सासऱ्यांच्या डायलिसिसचे कागद जोडून ती तरतूद अर्जात नमूद करावी, असे माझे मत आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल बुधवार होता आणि आम्ही रिंग रोडने जाऊन पाहिले. घरून ९.५० ला निघालो, छत्रपती चौकात सव्वादहाच्या सुमारास पोहोचलो आणि १०.४५ ला बाबा रुग्णालयात वजनकाट्यावर उभे होते. कित्येक आठवड्यांनी त्यांना पूर्ण चार तास मिळाले.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबा एसटीत चालक होते. मेट्रोत त्यांना खिडकीपाशी जागा मिळाली. खाली उड्डाणपूल, त्याच्या खाली जुना वर्धा रोड. एवढ्यात फारसे न बोलणारे बाबा आपणहून म्हणाले, "या रस्त्यानं मी चंद्रपूरची गाडी नेत होतो." मग कुठे कोणता थांबा होता हे काँग्रेस नगर येईपर्यंत सांगत राहिले. हात शर्टाच्या बाहेर होता.

अर्ज आज लिहायला घेतला आहे. सकाळी जाऊन खांबांचे क्रमांक आणि छायाचित्रे घेऊन आले. असे तीन आडवे पट्टे सापडले, तिन्ही अर्जात घालत आहे.

आता एकच अडचण उरली आहे. डायलिसिसनंतर बाबांना स्थानकापर्यंत जाणे, थांबणे, पुन्हा वाहन बदलणे झेपत नाही. काल परतताना छत्रपती चौकात त्यांना अर्धा तास बसवून ठेवावे लागले. त्यामुळे परतीसाठी धंतोलीहून थेट घरापर्यंत, पण रिंग रोडनेच, सावकाश नेणारा एखादा ऑटो महिन्याने ठरवायचा आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी सव्वातीन. थांबावे लागले तर त्याचे वेगळे पैसे देईन. कुणाच्या ओळखीचे असे ऑटोवाले भाऊ असतील तर कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. उद्या शुक्रवार आहे.