डीफ्रॅगचे चौकोन बघत कोण कोण बसायचं? नागपूरकरांनो, किस्से टाका

काल महाल भागातल्या घराचा माळा आवरायला काढला तर कॉम्प्युटरचा जुना कॅबिनेट सापडला, आत ४.३ जीबीची हार्डडिस्क, आणि एकदम विंडोज ९८ चं डीफ्रॅग आठवलं, डिस्कवर विखुरलेल्या फाईली नीट लावायचा तो प्रोग्राम. आमच्याकडे रविवारचा कार्यक्रमच होता तो. तर्री पोहे आणायचे, 'शो डिटेल्स' दाबायचं आणि प्लेट मांडीवर घेऊन बघत बसायचं, वाचून राह्यला तो चौकोन हिरवा, लिहून राह्यला तो लाल. बाबा येता-जाता म्हणायचे, "टीव्ही बंद असला तरी याला पाहायला काहीतरी लागतेच." तुमचं सांगा.

*

आम्ही त्याच्याही आधीचे, भाऊ. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत, म्हणजे कमांड टाईप करून चालायची त्या जुन्या सिस्टिमसोबत, डीफ्रॅग आलं, मायक्रोसॉफ्टनं ते सिमँटेक कंपनीकडून घेतलेलं. चौकोनात अक्षरं यायची, वाचताना आर, लिहिताना डब्ल्यू, जे हलत नाही तिथे एक्स. धंतोलीतल्या क्लासमध्ये सरांनी पेपर उघडून समजावलं होतं, बातमीच्या चार ओळी पहिल्या पानावर, उरलेली पान ५ वर, तिथून पुन्हा पान ९ वर, फाईलचे तुकडेही असेच डिस्कभर पडतात आन् डिस्क वाचणारं हेड बिचारं प्रत्येक तुकड्यामागं पळत राहते. डीफ्रॅग म्हणजे ती बातमी कापून एका जागी चिकटवणं. मला अजूनही तेवढंच समजते.

*

दहा टक्के झाले की परत शून्य! आठवडाभर डोकं खाल्लं, मग कळलं की स्क्रीनसेव्हर सुरू व्हायचा आणि डिस्कवर काही लिहिलं गेलं की हे पुन्हा पहिल्यापासून. नंतर सेफ मोडमध्येच लावायचो, तिथं मागं फारसं काही चालत नाही.

*

मे महिना, दुपारचे दोन, प्रतापनगर. कुलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. डीफ्रॅग साठेक टक्क्यांवर आलं आन् लाईन गेली. यूपीएस पीं पीं करायला लागला, त्याची बॅटरी पाच मिनिटांची, मी 'स्टॉप' दाबलं तर ते काही लवकर थांबेना, आई ओरडून राह्यली की आधी ते पीं पीं बंद कर, आजोबा झोपलेत. शेवटी स्क्रीन काळा. संध्याकाळी लाईन आली, निळ्या स्क्रीनवर स्कॅनडिस्क, डिस्कमधल्या चुका तपासणारा प्रोग्राम, त्याला सगळं हो म्हणत गेलो. ताईच्या लग्नाची आमंत्रणांची यादी उघडली तर निम्म्यात नुसते चित्रविचित्र कॅरेक्टर. बाबांनी काही म्हटलं नाही, कागद-पेन आणून समोर ठेवला. १८० नावं हातानं लिहिली, आणि मोठ्या मावशीचंच सुटलं. ती अजून ऐकवते.

*

एक विचारू का, कोणाला खरंच फरक जाणवला होता? आमच्याकडे ३२ एमबी रॅम, वर्ड उघडायला जेवढा वेळ आधी तेवढाच नंतर. पण आवाज मस्त यायचा, कुरकुर कुरकुर, त्यानंच वाटायचं की मशीन साफ होऊन राह्यली. नंतरच्या विंडोज व्हिस्टानं तर ते रंगीत चित्रच काढून टाकलं, बुधवारी रात्री १ वाजता आपलं आपण चालायचं. आताच्या एसएसडीला, म्हणजे चिपवाल्या डिस्कला, हेडच नाही, त्यावर उगाच डीफ्रॅग लावू नका, नुसती झीज.

*

ती ४.३ वाली फिरते का पण?

*

बर्डीतून आयडीई टू यूएसबी आणलं, जुनी डिस्क यूएसबीला जोडायचं अडॅप्टर. फिरते. सी ड्राईव्ह उघडली, माझं बारावीचं प्रोजेक्ट आहे आत, वायरसही असेल सोबत. पोहे आणायला चाललो.