इंग्रजी बोलताना छोटी उत्तरं आधी शिकावीत की पूर्ण वाक्यं?

सुबोधिनी (धागाकर्ती):
इंग्रजी बोलायला शिकणाऱ्याला आधी छोटी उत्तरं शिकवावीत, पूर्ण वाक्यं नंतर, असं माझं ठाम मत आहे. 'उत्तर पूर्ण वाक्यात लिहा' ही शिस्त वहीपुरती ठीक. 'डू यू लाइक कॉफी?' याला 'येस, आय लाइक कॉफी' हे उत्तर चूक नाही, पण ऐकणाऱ्याला धडा म्हणून दाखवल्यासारखं वाटतं. रोज इंग्रजी बोलणारा माणूस 'येस, आय डू' म्हणेल, नाहीतर नुसतं 'लव्ह इट'.

छोटं म्हणजे सोपं, असंही कुणी समजू नये. 'शी हॅज लेफ्ट' ऐकून 'हॅज शी?' म्हणायचं, 'दे लॉस्ट' ऐकून 'डिड दे?'. दुसऱ्या उदाहरणातलं 'डिड' तर समोरच्याच्या वाक्यात नसतंच, ते आपण काळ ओळखून आणायचं. 'आय डोन्ट स्मोक' याला 'नायदर डू आय'. सहायक क्रियापद, काळ, सर्वनाम सगळं एका दमात जुळवावं लागतं. वेळ तरी किती मिळतो? दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवकाश सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. तेवढ्यात पूर्ण वाक्य मनात रचून होत नाही. तोंडात बसलेलं उत्तरच कामाला येतं.

कडेलोट:
साफ असहमत. पूर्ण वाक्य पुस्तकी वाटेल, पण त्याने कुणी दुखावत नाही. छोट्या उत्तराने दुखावतं, आणि नवशिक्याला ते कळतही नाही.

'कॅन आय बॉरो युअर पेन?' याला 'ऑफ कोर्स' म्हटलं तर त्यात आपुलकी आहे. 'इज द लायब्ररी ओपन टुडे?' याला तेच 'ऑफ कोर्स' म्हणजे 'एवढंही माहीत नाही?'. किंवा चहा घेणार की कॉफी, या प्रश्नावर 'आय डोन्ट माइंड' म्हणजे काहीही चालेल, आणि 'आय डोन्ट केअर' म्हणजे तुमच्या विचारण्याचीच मला पर्वा नाही. एका शब्दाचा फरक. हा कान तयार व्हायला वर्षं लागतात. तोवर माणसाने पूर्ण वाक्यच बोलावं.

सुबोधिनी:
कडेलोट, तुमची दोन्ही उदाहरणं मान्य, निष्कर्ष अमान्य. उत्तरांची सुटी यादी पाठ केली तर हे होणारच. म्हणून उत्तर प्रश्नासकट शिकायचं. हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की संभाषण जोड्यांनी चालतं: प्रश्न-उत्तर, आमंत्रण-स्वीकार, तक्रार-खुलासा. परवानगी मागणाऱ्याला 'ऑफ कोर्स', माहिती विचारणाऱ्याला 'येस, इट इज', अशी जोडी एकत्र बसली की कानही तिथेच तयार होतो.

अर्धविराम:
मी थोडा मधला. सगळ्यात जास्त घोळ नकारार्थी प्रश्नांत होतो, त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

'डिडन्ट यू सी हिम?' पाहिलं नसेल तर उत्तर 'नो', म्हणजे 'नो, आय डिडन्ट'. आपण समोरच्याच्या म्हणण्याला होकार देत 'येस' म्हणून मोकळे होतो आणि अर्थ उलटा होतो. पूर्वीच्या इंग्रजीत यासाठी चार शब्द होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. सोळाव्या शतकात लेखक टॉमस मोरने बायबलचा इंग्रजी अनुवादक विल्यम टिंडलला या भेदावरूनच टोकलं होतं. पुढे दोनच शब्द उरले.

'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' हा तसाच सापळा. नियमाने होकार म्हणजे 'नॉट अ‍ॅट ऑल'. पण रोजच्या बोलण्यात 'शुअर, गो अहेड' सर्रास चालतं, कारण 'गो अहेड'मुळे शंका राहत नाही. म्हणून माझा आग्रह असा की नुसतं 'येस' किंवा 'नो' कधीच सोडू नये, मागे दोन शब्द जोडावेत.

रातवा:
'छोटं की लांब' ही मोजपट्टीच मला पटत नाही. होकार छोटा असतो, नकार लांब असतो. संभाषणाच्या अभ्यासक अ‍ॅनिटा पोमेरान्झ यांनी १९८४च्या लेखात हे बारकाईने मांडलं आहे: सहमती चटकन येते, असहमती थांबून, 'वेल' म्हणत, आडवळणाने. 'आर यू कमिंग टुनाइट?' याला 'नो, आय अ‍ॅम नॉट' हे सुबोधिनीताईंच्या नियमाने अचूक छोटं उत्तर आहे, आणि ते दार आपटल्यासारखं लागतं.

सुबोधिनी:
रातवा, नकाराचीही तयार छोटी रूपं आहेतच की! 'आय अ‍ॅम अफ्रेड नॉट' चार शब्दांचं आहे. 'आय वुड लव्ह टू, बट' म्हणून पुढे एक कारण.

रातवा:
ते कारणच तर नवशिक्याला सुचत नाही! आणि ते पूर्ण वाक्यात द्यावं लागतं. म्हणजे कडेलोट म्हणतात ती पूर्ण वाक्यं पहिल्या दिवसापासून हवीतच, निदान नकारासाठी.

कडेलोट:
हेच म्हणतोय. शिवाय माफी मागताना, तक्रार करताना, डॉक्टरांना दुखणं सांगतानाही.

सुबोधिनी:
डॉक्टरांचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण बसमध्ये शेजारचा 'लव्हली डे, इझन्ट इट?' म्हणाला तर 'इट इज, इझन्ट इट?' हेच शिकवणार मी, आणि पहिल्याच तासाला.