रविवारचं नाटक आणि तात्यांचे अडीचशे

ग्रुप: सोसायटी परिवार (फक्त कामाचे मेसेज)

शुक्रवार, सकाळ

अनघा वहिनी (बी-२०३): नमस्कार. नाव घेत नाही, पण कालच्या मैफिलीत विलंबित, म्हणजे रागाचा संथ भाग, ऐन रंगात असताना आपल्या सोसायटीची अख्खी रांग उठून गेली. खुर्च्या फटाफट मिटल्या. गाणाऱ्या बाईंनी डोळे उघडून बघितलं. परवा रविवारी आपण सगळे पुन्हा नाटकाला जाणार, म्हणून आजच लिहिते.

सागर (सी-४०१): नाव घेत नाही म्हणून आमचंच घेतलं की ओ वहिनी 😄

अनघा वहिनी: मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

सागर: रांग आमचीच हुती.

तात्या (ए-१०४): मागच्या नाटकाला माझं एक तिकीट रद्द केलं होतं. त्याचे २५० रुपये अद्याप मिळालेले नाहीत. नोंद असावी.

सागर: वहिनी, राग मानू नका, पण आधी वीस मिनिटं नुस्ता तंबोरा पिळत बसले. मग अर्धा तास आ आ आ. गाणं कधी चालू झालं तेच कळेना. पोरं भुकेजली.

नलिनी काकू (बी-१०१): सागर, तो वेळ वाया जात नाही. तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाची (प), मधल्या दोन जोडीच्या (सा), चौथी खर्जाची (खालचा सा). खुंटी पिळून सूर ढोबळ येतो. मग घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, पलीकडचा मणी सरकवून बारीक करायचा. शेवटी तार आणि घोडीच्या मधला सुती दोरा केसभर पुढेमागे केला की जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, खुलते आणि एका तारेतून पाचसहा सूर ऐकू येतात. खोलीत लावून आणला तरी स्टेजवर एसीनं तार आखडते, दिव्यांनी सैल पडते, की पुन्हा पहिल्यापासून. त्यात मालकंस राग असेल तर पंचम चालत नाही, पहिली तार मध्यमावर (म) उतरवावी लागते.

नलिनी काकू: तबल्याचंही तेच. बाजूचे लाकडी गट्टे ठोकून सूर चढवायचा, थोडा फरक असेल तर गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या कडेवर, हातोडी. आपल्याकडच्या पावसात पुडी, म्हणजे ते कातडं, सैल पडते, एसीत कोरडी होऊन चढते. अशा वेळी गप्पा मारल्या तर त्या दोघांना एकमेकांचा सूर ऐकू येत नाही आणि लावायला आणखी वेळ लागतो.

सागर: म्हणजे आम्हीच उशीर केला म्हणा की 🙏

मंदा मावशी (ए-३०२): 🌸 शुभ सकाळ 🌸 आजचा सुविचार: संयम हेच यशाचे गमक

सागर: मावशी, बरोब्बर टायमिंग.

आप्पा (चेअरमन): कोल्हापूरला हे सांगायची वेळ यावी का? इथं जयपूर गायकीचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासूनची आहे. एवढी परंपरा, आणि आपण खुर्च्या आपटतो.

अनघा वहिनी: आप्पा, परंपरा बरोबर आहे, पण काल पहिला फोन कुणाचा वाजला तेही ग्रुपला माहीत आहे.

आप्पा: पाण्याच्या टँकरवाल्याचा होता. सोसायटीचंच काम.

नलिनी काकू: परंपरेचं राहू दे. कंटाळा न येण्याची एक साधी युक्ती सांगते. बंदिशीची पहिली ओळ तालाच्या दर आवर्तनाला, म्हणजे फेरीला, परत येते, तिला मुखडा म्हणतात. त्यातल्या एका ठरलेल्या अक्षरावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडते. विलंबित तीनताल असेल तर सोळा मात्रा, झपतालात दहा. ते अक्षर एकदा कानाला सापडलं की पुढच्या आवर्तनात गायिका कुठून कशी फिरून तिथं येते ते बघत बसायचं. जयपूर गायकीत तान ठेक्याशी विणलेली असते. मध्येच शेजाऱ्याशी बोललात तर सम हुकते आणि मग खरंच नुसता आ आ ऐकू येतो.

नलिनी काकू: आणि उठायचंच असेल तर विलंबितामागून द्रुत, म्हणजे जलद भाग, होतो, तो संपून टाळ्या पडतात, तेव्हा. पहिला राग तास-सव्वा तास धरून चला. पोरांना आधी खायला घालून न्या. उशिरा पोचलात तरी दाराशी थांबून त्याच वेळी आत या.

सागर: टाळ्या पडल्या की पळायचं. ठरलं.

नलिनी काकू: पळायचं नाही. जायचं.

तात्या: माझ्या वरील मेसेजवर कुणी उत्तर दिलेले नाही. रु. २५०/-.

सेक्रेटरी: तात्या, हिशोब प्राजक्ताकडे आहे. ती बघेल.

प्राजक्ता (सी-२०२): मी बघते काका. आता ऑफिसात आहे.

शुक्रवार, रात्र

सेक्रेटरी: रविवार संध्याकाळच्या नाटकाची नावं द्या. दर ३०० आणि २००. खुर्च्यांचा चार्ट उद्या टाकतो.

अनघा वहिनी: एक विनंती. मागच्या वेळी मधल्या खुर्च्या कमिटीला आणि कडेच्या आम्हाला आल्या. दर मात्र एकच होता.

आप्पा: वहिनी, कमिटीनं रांगेत उभं राहून तिकिटं काढली होती.

अनघा वहिनी: मी तक्रार करत नाहीये. फक्त आठवण करून देतेय.

गुरव सर (ए-२०१): खुर्चीवरून भांडायचंच तर माहिती घेऊन भांडा. पहिल्या दोन रांगा मानाच्या वाटतात, पण तिथून स्टेजची जमीन दिसत नाही. पात्र खाली बसलं की नुसतं डोकं दिसतं आणि दोन तास मान वर. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगेत आवाज दबतो. पाचवी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या. २०० च्या तिकिटातही मधली मिळत असेल तर ३०० च्या कोपऱ्यापेक्षा ती घ्या.

गुरव सर: केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून हे जास्त महत्त्वाचं झालंय. मुंबई-पुण्याच्या नाटकाचा सेट मोठं स्टेज डोळ्यासमोर ठेवून बांधलेला असतो. सभागृह लहान असलं की बॅकस्टेजची मंडळी एखादा फ्लॅट, म्हणजे सेटची भिंत, कमी करतात, जिना आत ओढतात, दार तिरकं लावतात. विंगेत जागा उरत नाही. मग डाव्या कडेच्या खुर्चीवरून डावीकडचं दार दिसत नाही, आणि नेमकी एन्ट्री तिथूनच असते. लोक हसतात आणि आपण विचारतो, काय झालं?

सागर: सर, हे तर आमच्या फादरचं दर नाटकाला हुतंय. पण ते कानामुळं 😂

सागरचे वडील (सी-४०१): मी ग्रुपमध्ये आहे.

सागर: 🙏🙏

नलिनी काकू: केशवरावांचं नाव निघालं की कसंतरी होतं. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी ९ ला गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती. नेमकी तीच वेळ.

आप्पा: शाहू महाराजांनी बांधलेलं. १९१५ चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. आणि शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. राजानं एका भिंतीच्या अल्याड नाटक आणि पल्याड कुस्ती ठेवली. असा राजा दुसरीकडं दाखवा.

सागर: जगात भारी 🔥

अनघा वहिनी: सागर, तो इमोजी काढ आधी.

सागर: सॉरी सॉरी. हात चुकला.

गुरव सर: त्या थिएटरात प्रेक्षागृहात मध्ये खांब नव्हता, म्हणून कुठूनही स्टेज दिसायचं. बाकी ठिकाणी तसं धरून चालू नका. एवढंच म्हणणं आहे.

तात्या: खांब असो नसो, २५० रुपये हा स्वतंत्र विषय आहे. तो बाजूला पडू नये.

सागर: तात्या, संयम हेच यशाचे गमक 😄

तात्या: हा मेसेज मी पुन्हा टाकत राहीन.

शनिवार, सकाळ

सेक्रेटरी: चार्ट टाकलाय. नाटक ५ वाजता. बस नाही, आपापल्या गाडीनं यायचं.

मंदा मावशी: पाचचं नाटक सव्वापाचशिवाय थोडंच सुरू होतंय.

गुरव सर: मावशी, त्या भरवशावर राहू नका. पहिली घंटा होते ती बाहेर चहा पिणाऱ्यांसाठी. दुसरीला खुर्चीवर असायचं. तिसरीला दिवे जातात आणि पडदा. तिसरीनंतर आलात की मोबाईलचा टॉर्च लावून नंबर शोधावा लागतो, आणि तो टॉर्च स्टेजवरून थेट डोळ्यांत जातो.

गुरव सर: अंधाराचं एक समजून घ्या. प्रवेश बदलताना ब्लॅकआऊट होतो तेव्हा आत माणसं खुर्च्या-टेबलं हलवत असतात. जमिनीवर रेडियमच्या पट्टीचे बोटभर तुकडे चिकटवलेले असतात, टेबलाचा पाय कुठं यायचा त्याची खूण म्हणून. नट त्या खुणा बघत चालतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेत कुणी फोन उघडला की त्याचे अंधाराला सरावलेले डोळे दिपतात आणि खूण दिसेनाशी होते. पायरी चुकते, पाय मुरगळतो. म्हणून फोन सायलेंट करून भागत नाही, स्क्रीनही बंद पाहिजे. घड्याळ उजळणारं असेल तर तेही.

आप्पा: आणि टँकरवाल्याचं?

गुरव सर: टँकरवाल्याला शनिवारीच बोलवा.

अनघा वहिनी: 👏👏

गुरव सर: चिवड्याचंही सांगून टाकतो. स्टेजच्या कडेला खाली माइक ठेवलेले असतात, काही वर टांगलेले. पुढच्या चार रांगांतली प्लॅस्टिक पिशवी त्यातून मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाते. हळूहळू उघडली तर जास्त वेळ वाजते. मध्यंतरात बाहेर जाऊन खा. खोकल्याची गोळी असेल तर वेष्टन आधीच काढून कागदात ठेवा.

सागर: सर, नाटक झाल्यावर खासबागेत भेळ, का गंगावेशीत दूध? मतदान घेऊया.

सागरचे वडील: दूध.

मंदा मावशी: भेळ. दूध घरी आहे.

सागर: दूध कट्ट्यावर म्हशी समोर धार काढून देतात मावशी. ते घरी हाय का?

आप्पा: म्हशी धार काढून देत नाहीत. गवळी काढून देतो.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे.

तात्या: कामाचा मेसेज: रु. २५०/-.

प्राजक्ता: तात्या काका, वही सापडली. तुमचं तिकीट रद्द झालं होतं, पण ते आयत्या वेळी सागरच्या पाहुण्यांना दिलं. म्हणजे पैसे सागरकडून यायचेत.

सागर: हा मेसेज हटवला गेला

तात्या: वाचला आहे.

सागर: तात्या, उद्या रोख देतो. भेळ माझ्याकडून.

प्राजक्ता: आता माझं ऐका. सकाळी पोरांना टाउन हॉल म्युझियमला नेणार आहे. सोमवारी बंद असतं, त्यामुळं रविवारच बरा. एका वेळी दहाच मुलं. एका सकाळी एकच म्युझियम. नव्या राजवाड्यातलं म्युझियम त्याच दिवशी नको, तिसऱ्या दालनापासून पोरं फक्त वाघ आणि हत्यारं शोधतात. आणि राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत, त्यावरून गेटवर वाद घालायचा नाही.

अनघा वहिनी: पोरांना काय दाखवणार? मडकी बघून कंटाळतात.

प्राजक्ता: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातला पोसायडन. ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती, वीतभरही नाही. लहान म्हणून लोक पुढं निघून जातात. पोरांना एवढंच सांगायचं: उचललेल्या हातात काय असेल ते ओळखा. त्रिशूळ म्हणेपर्यंत पाच मिनिटं ती तिथंच असतात. मग विचारायचं, समुद्राचा देव पंचगंगेकाठी आला कसा? तिथून रोमशी चालणारा व्यापार आपोआप निघतो. पाटीवरचं वाचून दाखवायला लागलात की संपलं.

प्राजक्ता: आबालाल रहिमान यांची चित्रं बघताना घाई नको. फ्लॅश अजिबात नाही. जलरंग उजेडानं विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. तैलचित्रासमोर नाक लावून उभं राहिलात तर वार्निशवर खिडकीची चमकच दिसते. दोन पावलं मागं आणि एक पाऊल बाजूला सरका, चमक जाते. मग जवळ जाऊन कुंचल्याचे फटकारे बघा. काशाला हात लावायचा नाही, घामातल्या मिठानं हिरवट डाग धरतो. वही आणि पेन्सिल आणा, शाईचं पेन नको.

नलिनी काकू: राजारामपुरीतलं नट-चित्रकार चंद्रकांत मांढऱ्यांचं संग्रहालयही पुढच्या वेळी घे. पावडर शेडिंगची चित्रं मुलांना जवळून दाखव. पावडर बोटानं आणि कापसानं कशी पसरवली असेल ते त्यांना घरी करून बघता येईल.

मंदा मावशी: पावडर म्हणजे तोंडाला लावायची?

प्राजक्ता: नाही मावशी, रंगाची.

मंदा मावशी: मग आधी सांगावं. नातू डबा घेऊन बसलाय.

आप्पा: मुलांच्या गाड्या बिल्डिंगच्या गेटसमोर लावू नयेत. म्युझियमजवळच्या सीपीआर हॉस्पिटलच्या रस्त्याला रविवारीही गर्दी असते, रिक्षा करा.

अनघा वहिनी: आप्पांचा हा मेसेज बरोबर आहे. पहिल्यांदाच.

आप्पा: आभार.

सेक्रेटरी: अंतिम यादी, नाटक. मधल्या खुर्च्या चिठ्ठ्या टाकून दिल्यात, वहिनींनी स्वतः चिठ्ठ्या उचलल्या.
१. अनघा वहिनी + १ (सहावी रांग, मध्य)
२. नलिनी काकू
३. गुरव सर
४. आप्पा + १ (सहावी रांग, डावी कड)
५. तात्या
६. सागर + ३
७. मंदा मावशी
८. प्राजक्ता

आप्पा: डावी कड?

गुरव सर: आप्पा, या नाटकात दार उजवीकडं आहे. काळजी करू नका.

तात्या: नाव क्र. ५ मान्य. तिकिटाचे ३०० सागरनं परस्पर भरावेत. २५० जुने. उरलेले ५० मी रविवारी सुटे आणतो.