शून्य नाहीतर दहा: गेमच्या चाहत्यांना मधला आकडा का नको?

मानसी_खेळते
'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ वर आला. तो पूर्ण करायला साधारण पंचवीस तास लागतात, तरीही पहिल्याच दिवशी मेटाक्रिटिक या समीक्षकांचे आणि खेळाडूंचे गुण एकत्र मांडणाऱ्या संकेतस्थळावर हजारो जणांनी त्याला शून्य गुण देऊन टाकले होते. समीक्षकांची सरासरी शंभरपैकी नव्वदच्या वर, तर खेळाडूंची तेव्हा दहापैकी चारच्याही खाली. मला हा गेम आवडला, पण ॲबी या दुसऱ्या मुख्य पात्राचा भाग सुरू झाल्यावर कथेची पकड सुटते असे वाटले. एवढे लिहिले तरी एका गटाला मी 'हेटर' वाटते आणि दुसऱ्याला कंपनीची भाट. 'चांगला आहे, पण' असे म्हणणाऱ्याला जागाच उरली नाही का?

आडवाट
गुणांची पद्धत पाहिली तर यात फारसे कोडे नाही. सरासरी आठ असावी असे ज्याला वाटते, त्याने प्रामाणिकपणे आठ दिले तर आकडा थोडाच हलतो. शून्य किंवा दहा दिले तर अधिक हलतो. त्यामुळे मत नोंदवणे बाजूला राहते आणि रस्सीखेच सुरू होते. शून्यवाल्यांना उत्तर म्हणून डोळे झाकून दहा देणारेही तेच करत होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. त्यातच एप्रिलमध्ये कथेतील प्रसंग फुटले होते, म्हणजे अनेकांचा निकाल गेम हाती येण्यापूर्वीच लागलेला होता. पुढे मेटाक्रिटिकने पहिले ३६ तास खेळाडूंचे अभिप्राय न घेण्याचा नियम केला. (पंचवीस तासांच्या गेमसाठी ही मुदत म्हणजे रात्र जागवणाऱ्यांचीच सोय, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.) स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात निदान प्रत्येक अभिप्रायाशेजारी खेळलेले तास दिसतात, त्यामुळे नापसंती वीस मिनिटांची आहे की दोनशे तासांची, हे वाचणाऱ्याला कळते.

जुना_पीसीवाला
सगळी नकारात्मकता एकाच मापाने मोजू नये. मे २०२४ मध्ये सोनीने 'हेलडायव्हर्स २'च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडणे सक्तीचे करण्याचे जाहीर केले. ज्या देशांत असे खाते उघडताच येत नाही, तिथल्या पैसे मोजून बसलेल्या खेळाडूंनी काय करायचे, याला उत्तर नव्हते. स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय पडले आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. तो राग मला योग्य वाटतो, कारण मागणी एकच आणि स्पष्ट होती, आणि ती मान्य होताच अनेकांनी आपले अभिप्राय बदलले.

मानसी_खेळते
हे पटले. पण ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्यांनी त्या जुलै २०२० मध्ये स्वतःच उघड केल्या. पात्राने कथेत जे केले त्याचा सूड अभिनेत्रीवर उगवायचा, यात मागणी कोणती?

जुना_पीसीवाला
कोणतीच नाही. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' जूनवरून ऑगस्टवर गेला, तेव्हा निर्माते शॉन मरे यांना धमक्या आल्या, आणि लांबणीची बातमी देणाऱ्या पत्रकारालाही. गेम आल्यावर त्यात सांगितलेल्या गोष्टी नाहीत ही तक्रार रास्तच होती; खरा मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत खेळण्याची सोय, २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटपर्यंत मिळाला नाही. पण धमक्या त्याच्या आधीच्या, केवळ उशिरासाठीच्या होत्या. असो. ॲबीच्या भागाबद्दल तुम्ही सविस्तर लिहाच. मला नेमका तोच भाग अधिक आवडला, तेव्हा वाद घालायला मी आहे.