थंडीतील बाल्कनी: तुळस कशी जपावी, सोबत काय पेरावे?

प्रश्न: पुण्यातील आमच्या दक्षिणाभिमुख बाल्कनीत ६ कुंड्या असून मार्गशीर्ष लागल्यापासून तुळशीची पाने झडत आहेत, ती जपून याच जागेत आणखी काय लावता येईल?

पहिले उत्तर: तुळशीला थंडी मानवत नाही, म्हणून मंजिऱ्या खुडाव्यात आणि वरची माती सुकल्यावरच, तेही सकाळी, पाणी द्यावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन तुमच्या बाल्कनीत खोलवर येते, ही फार मोलाची गोष्ट आहे.

दुसरे उत्तर: मेथी अवश्य पेरावी. ६ इंच खोल, पसरट कुंडी पुरते. दाणे रात्रभर भिजवल्यास ते काही दिवसांतच उगवतात आणि साधारण महिनाभरात भाजी मिळते. धने मात्र हलकेच रगडून, दोन फाकी करून पेरावेत. ते उशिरा उगवतात, तोवर धीर धरावा.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. आज रात्रीच मेथी भिजत घालते.