ऑर्डर निम्म्यावर आल्या आहेत. कामगारांचा धीर कसा टिकवावा?

टॉवेल कारखानदार, सोलापूर (22 सप्टेंबर 2025)

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माग, शिलाई आणि पॅकिंग मिळून 42 माणसे आहेत आणि त्यांतली निम्मी वडिलांच्या काळापासूनची आहेत. आमचा बराचसा माल मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत अमेरिकेला जातो. तिथे 7 ऑगस्टला भारतीय मालावर 25 टक्के जादा आयात शुल्क लागले, 27 ऑगस्टपासून ते 50 टक्के झाले, आणि तेव्हापासून नवी ऑर्डर आलेली नाही. विणून तयार असलेला मालही "थोडे थांबा" असे सांगून अडवून ठेवला आहे. आज 24 पैकी 11 माग चालू आहेत.

मी अद्याप कोणालाही कामावरून कमी केलेले नाही, तरीही वातावरण बिघडले आहे. खाडे वाढले आहेत आणि किरकोळ कारणावरून वाद होतात. गेल्या आठवड्यात आमचे सर्वांत जुने जॉबर (मागांची देखभाल व देखरेख करणारे) उचल मागायला आले, तेव्हा खाली बघतच त्यांनी विचारले, "मालक, दिवाळीपर्यंत तरी आहोत ना?" मी म्हणालो, "काळजी करू नका, सगळे ठीक होईल." ते त्यांना पटले नाही हे मला स्पष्ट दिसले. पुढे काय होणार हे माझे मलाच ठाऊक नसताना इतरांना धीर कसा द्यावा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

फौंड्रीचालक, शिरोली

आपण "सगळे ठीक होईल" हे म्हणणे आधी थांबवावे, अशी कळकळीची विनंती आहे. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा आमचे कास्टिंगचे (धातूच्या ओतकामाचे) काम झपाट्याने घटले आणि मीही दोन महिने हेच वाक्य म्हणत राहिलो. त्याच काळात बँकेचे मूल्यांकनकर्ते कर्जाच्या नूतनीकरणासाठी यंत्रे पाहून गेले. मी कोणाला काही सांगितले नव्हते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत भट्टी विकायला काढल्याची बातमी सगळीकडे झाली आणि महिन्याभरात साचे बनवणारे चार चांगले मोल्डर सोडून गेले. त्यांना पगार कमी पडला म्हणून ते गेले नाहीत, माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी लावलेला अर्थ त्यांना घेऊन गेला, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी दर सोमवारी पाळी सुरू होताना दहा मिनिटे सर्वांसमोर उभा राहू लागलो. हातात किती टनांचे काम आहे, ते किती दिवस पुरेल आणि कोणाकडून किती येणे आहे, हे तीन आकडे फळ्यावर लिहीत असे. आकडे वाईट असले तरी लिहीत असे. ज्याचे उत्तर नसेल त्याला "आज माहीत नाही, पुढच्या सोमवारी सांगतो" एवढेच म्हणावे. मात्र त्या सोमवारी सांगण्यासारखे काही नसले तरी उभे राहावेच लागते.

शिलाई विभागातील पर्यवेक्षिका, सोलापूर

मी मालक नाही, पण एकवीस वर्षे याच धंद्यात आहे, म्हणून आमची बाजू लिहिते. फाटकातून आत येताना माणसे आधी किती माग चालू आहेत हे कानाने मोजतात, त्यामुळे मंदी लपवता येते असे कोणी समजू नये. या शहरात 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल बंद पडली आणि नंतर इतरही गिरण्या गेल्या. ज्यांच्या आजोबांनी ते दिवस काढले, त्यांच्या घरी ती भीती अजून बोलली जाते. कित्येक घरांत बायकोला विड्या वळून मिळणाऱ्या पैशांवर आठवडा ढकलला जातो.

अशा वेळी खरी धुसफूस होते ती चालू असलेले अकरा माग कोणाला मिळतात यावरून. मर्जीतल्या माणसाला रोज काम आणि दुसऱ्याला घरी बसणे, असे चित्र दिसले की कितीही बैठका घेतल्या तरी उपयोग होत नाही. पाळ्या सर्वांसमोर ठरवाव्यात, त्यांची यादी भिंतीवर लावावी आणि शनिवारचा पगार रक्कम कमी असली तरी शनिवारीच द्यावा.

कामगार कायदा सल्लागार, पुणे

दिवाळीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण आजच देऊ शकता. बोनस 2024-25 या सरलेल्या वर्षाचा आहे, त्यामुळे ऑगस्टनंतरच्या मंदीशी त्याचा संबंध नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के बोनस नफा नसला तरी द्यावाच लागतो. तो कोणत्या तारखेला देणार हे जाहीर करावे.

काम वाटून देताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात 78 दिवसांचे अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, लागते. ऑक्टोबर ते मार्च या काळात आठवड्याला तीनच दिवस काम दिले, तर 26 आठवड्यांत जेमतेम 78 दिवस भरतात आणि एक खाडा झाला तरी माणूस अपात्र ठरतो. म्हणून चार दिवसांच्या खाली जाऊ नये. ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने कामगारांना तात्पुरते घरी बसवण्याच्या, काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई देण्याची तरतूद पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होत नाही, परंतु ऐपत असेल तर थोडी रक्कम स्वेच्छेने द्यावी असे माझे मत आहे.

फौंड्रीचालक, शिरोली

ताईंचे म्हणणे बहुतांशी मान्य आहे, पण सर्वांना सारखे काम दिल्याने कोणाचेच घर चालत नाही, असेही होऊ शकते. ज्यांना तात्पुरते दुसरीकडे जायचे असेल त्यांना मोकळेपणाने जाऊ द्यावे आणि काम वाढताच त्यांना आधी बोलावू, असे लिहून द्यावे.

टॉवेल कारखानदार, सोलापूर (2 ऑक्टोबर 2025)

सर्वांचे मनापासून आभार. काल खंडेनवमीला पूजा झाली तेव्हा बंद असलेल्या तेरा मागांनाही हार घातले आणि त्यानंतर सर्वांना बसवून आकडे सांगितले: हातातले काम, अडकलेला माल, बोनसची तारीख. जॉबरांनी बँकेचा हप्ता किती आहे हे विचारले आणि मी तोही सांगितला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग विणकरांनी स्वतःच चार दिवसांच्या पाळ्या ठरवल्या, आणि दोघांनी देशी बाजारासाठी चादरी विणणाऱ्या कारखान्यात काही महिने जाण्याची तयारी दाखवली. त्यांना पत्र आजच दिले. सोमवारचा फळा शिलाई विभागाच्या दाराशी लावला आहे, कारण तिथून सगळ्यांचीच ये-जा असते.